तिसऱ्या रामसेसच्या गळ्यावरची जखम

तिसरा रामसेस म्हणजे इजिप्तचा बहुतेक शेवटचा खमक्या फॅरो, इ.स.पू. ११८६ ते ११५५ अशी साधारण ३१ वर्षं त्याने राज्य केलं आणि आठव्याच वर्षी समुद्रावरून चालून आलेल्या टोळ्यांना त्याने पिटाळून लावलं, त्या लढाईची चित्रं मेदिनेत हाबूच्या देवळात आजही भिंतीवर आहेत. पण शेवटची वर्षं वाईट गेली. २९व्या वर्षी राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांना पगाराचं धान्यच वेळेवर मिळेना, तेव्हा त्यांनी काम टाकून सरळ ठिय्या दिला, जगातला नोंद असलेला हा पहिला संप!

मग राजवाड्यातच कट शिजला. तिये नावाच्या राणीला आपला मुलगा पेंतावेरे गादीवर बसवायचा होता. या कटाचा पुढे खटला चालला, त्याचा पपायरस (लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदावरची नोंद) इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे, शिक्षा कोणाला काय झाल्या ते सगळं त्यात आहे, इतकंच काय आरोपी बायकांसोबत मौजमजा करणाऱ्या न्यायाधीशांचे नाक-कान कापले तेही आहे, पण राजा हल्ल्यातच मेला का हे त्यात स्पष्ट नाही.

उत्तर २०१२ मध्ये आलं, ममीच्या सीटी स्कॅनमधून. मानेभोवती कापडाचा जाड थर होता त्यामुळे जखम कधी कोणाला दिसलीच नव्हती, आणि साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक येतं. सीटी स्कॅनमध्ये मशीन चहूबाजूंनी फोटो घेतं आणि कॉम्प्युटर शरीराचे पातळ काप जोडून दाखवतो, म्हणजे एकही पट्टी न सोडता आतलं दिसतं. गळ्यावर जवळपास ७ सेंमी रुंद घाव, थेट मणक्यापर्यंत, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापलेल्या. असा घाव बसल्यावर माणूस वाचणं शक्यच नाही. जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत होता, परलोकात तरी ती भरून यावी म्हणून ठेवलेला, आणि मला या सगळ्या शोधात हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडते. पुढच्या तपासणीत पायाचा अंगठाही तोडलेला आढळला, तोही वेगळ्या हत्याराने, म्हणजे मारेकरी एकापेक्षा जास्त असावेत.

रामसेसची ममी ज्या गुप्त जागेत सापडली तिथेच बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळलेली एका तरुणाची ममीही मिळाली होती. इजिप्तमध्ये हे कातडं अपवित्र मानायचे. डीएनएवरून तो रामसेसचा मुलगा असावा असं दिसतं, म्हणजे बहुधा पेंतावेरेच. पपायरसप्रमाणे त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला, आणि गादी मिळाली ती त्याच्या सावत्र भावाला, चौथ्या रामसेसला.