परतीचं तिकीट नसेल तर मुंबईलाच अडवतात, ऑनवर्ड तिकिटाचं नीट समजून घ्या

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ऑनवर्ड तिकीट (म्हणजे त्या देशातून बाहेर पडायचं, परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट) बहुतेक वेळा तिकडचा इमिग्रेशनवाला नाही तर इथला एअरलाइनचा चेक-इन काउंटर मागतो. तुम्हाला तिकडून परत पाठवलं तर परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही होतो, म्हणून काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये तुमचा पासपोर्ट आणि देश टाकून बघतो आणि तिथे परतीचं किंवा पुढचं तिकीट लागेल असं आलं की तो काही ऐकत नाही. "माझा मित्र गेला होता, त्याला कोणी विचारलं नाही" हे तिथे चालत नाही.

बालीचं उदाहरण घेते कारण आपल्याकडून सगळ्यात जास्त घोळ तिथलेच बघितलेत. बाली इंडोनेशियात येतं आणि इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल (तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा) आपल्याला मिळतो, ३० दिवसांचा, फी ५ लाख इंडोनेशियन रुपिया, ऑनलाइनही काढता येतो, पासपोर्ट किमान ६ महिने व्हॅलिड हवा. हे सगळं सोपं आहे. अडतं ते तिकिटावर.

माझा मामेभाऊ बालीला निघाला होता, पुढे सिंगापूर करायचं म्हणून बाली ते सिंगापूर तिकीट काढलं, पक्कं, पैसे भरलेलं. काउंटरवर विचारलं सिंगापूरचा व्हिसा कुठे आहे? तो म्हणाला तिकडून काढणार आहे. झालं, थांबवला. पुढच्या देशात तुम्हाला शिरता येत नसेल तर तिथलं तिकीट ऑनवर्ड म्हणून धरतच नाहीत, आणि हे तिकीट विकताना कोणीही सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. बिचाऱ्याने लाईनीत उभं राहून मोबाईलवर बाली ते मुंबई तिकीट काढलं, मिळेल त्या भावात, कारण काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं राहिली होती.

दुसरा घोळ दिवस मोजण्याचा. पोचल्याचा दिवस हा पहिला दिवस धरा, मग रात्री साडेअकराला का उतरेना. १ जूनला उतरलात तर ३० जून हा तिसावा दिवस, १ जुलैचं तिकीट म्हणजे एक दिवस जास्त. आणि फ्लाइट रात्री १२:४० ची असेल तर आपण सवयीने "३० तारखेची रात्र" म्हणतो पण तिकिटावर तारीख १ जुलै असते, ही चूक तर शिकलेली माणसंही करतात. फिलिपिन्सला जास्तच जपा, जून २०२५ पासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय १४ दिवस मिळतात पण ते वाढवून मिळत नाहीत, म्हणजे ५ तारखेला गेलात तर १८ पर्यंत बाहेर पडा. बालीचा व्हिसा ऑन अरायव्हल एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो हे खरं, पण "मी तिकडे जाऊन वाढवणार" हे काउंटरवर बहुतेक वेळा मानत नाहीत, ते पहिले ३० दिवसच बघतात.

तिसरं, पीएनआर म्हणजे तिकीट नाही. होल्डवर ठेवलेल्या बुकिंगलाही पीएनआर असतो. तिकीट झालं असेल तर १३ आकडी ई-तिकीट नंबर असतो, तो बघा (काही स्वस्त एअरलाइन फक्त बुकिंग नंबर देतात, तिथे पैसे भरून कन्फर्म झालेलं दिसलं पाहिजे). काही एजंट पाच-सातशे रुपयांत "डमी तिकीट" देतात, कृपा करून घेऊ नका, काउंटरवर चेक केलं आणि बुकिंग उडालेलं निघालं तर तुम्ही खोटी कागदं दाखवणारे ठरता आणि एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही.

परतीची तारीख खरंच ठरली नसेल तर रिफंडेबल तिकीट काढा, कॅन्सलचे पैसे किती कापतात ते आधी वाचून. किंवा बाली ते क्वालालंपूर असं तिकीट काढा, मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवस व्हिसा माफ केलाय त्यामुळे वरची सिंगापूरवाली अडचण येत नाही. बसने किंवा फेरीबोटीने दुसऱ्या देशात जाणार असाल तर आधी एअरलाइनला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं कोणी धरत नाही.

स्टुडंट, वर्क व्हिसा किंवा पीआर (तिकडे कायम राहायची परवानगी) असेल तर साधारण वन-वे चालतं. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, बहुतेक दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर असतो तो शिक्का) आहे त्यांनी मात्र लक्ष द्या, दुबई, सौदी, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया धरून १८ देशांत फिरायला किंवा नातेवाइकांकडे जातानाही आपल्याकडचं इमिग्रेशनच परतीचं तिकीट मागतं. दहावी न झालेल्या कितीतरी लोकांना हे विमानतळावर कळतं.

नावही बघून घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, जाण्याच्या तिकिटावर ते आहे आणि परतीचं दुसऱ्या साइटवरून काढलेलं त्यात नाही असं होतं, दोन्हीकडे पासपोर्टसारखंच टाका.

आणि प्रिंट काढून ठेवा, दोन प्रती, एक हँडबॅगेत. विमानतळावर नेट गेलं की मोबाईलमधलं तिकीट उघडत नाही आणि मागची लाईन ओरडायला लागते.