पांबन: तिकिटावरचा पूल आणि आत्ताचा पूल

रामेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे पांबनचा, म्हणजे रामेश्वर बेटाला जोडणाऱ्या समुद्रावरच्या रेल्वेपुलाचा फोटो असतो, आणि त्याखालची ओळ हमखास चुकलेली असते. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं, ‘हाच तो पोस्टाच्या तिकिटावरचा शंभर वर्षांचा पूल, मधोमध दुभंगतो.’ फोटो नव्या पुलाचा. अहो, तिकीट २००७ चं, हा पूल एप्रिल २०२५ ला सुरू झालेला!

शेजारचा उंच पूल मोटारींचा, १९८८ चा. बोटी त्याच्याखालून जातात, तो जागचा हलत नाही. लांबीचंही सोडा, दोन्ही रेल्वेपूल दोन किलोमीटरहून थोडे जास्तच.

घोळ होतो तो बोटींना वाट देणाऱ्या गाळ्यापाशी, म्हणजे दोन खांबांमधल्या हलत्या भागापाशी.

१९१४ चा जुना पूल उघडतो. शेर्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. गाळ्याची दोन पाती वर होतात, पण दारासारखी बिजागरीवर नव्हे. कडक भाकरीचा चतकोर घ्या, गोल कडेवर उभा धरा आणि पुढच्या बाजूला उदबत्तीची काडी आडवी खोचा. आता चतकोर मागे लोळवा. काडी उभी राहते आणि तेवढीच मागेही सरकते. पात्याच्या मुळाशी असाच लोखंडी चतकोर आहे.

नवा पूल उघडत नाही, उचलला जातो. ७२.५ मीटरचा अख्खा गाळा रुळांसकट, आडवाच्या आडवा, दोन मनोऱ्यांमधून १७ मीटर वर चढतो. सोसायटीतली लिफ्टच म्हणा, पलीकडे लोंबणाऱ्या वजनासकट. इथे दुभंगायला काही नाहीच.

बोटवाल्याला हा फरक लगेच कळतो. जुन्याची पाती उभी राहिली की डोलकाठीच्या वर नुसतं आकाश. नव्याच्या खालून जाताना डोक्यावर पूल असतोच, तेव्हा काठीची उंची मोजूनच निघायचं.

नवा मोटरवर चालतो, जुन्याला माणसं दांडे फिरवून उघडायची. माझं मन मात्र जुन्यावरच. डिसेंबर १९६४ च्या वादळात बाकीचे बहुतेक गर्डर वाहून गेले, हा उघडणारा गाळा उभा राहिला, आणि रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या माणसांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा जोडला. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाडी जात नाही.

तर फोटोत पाण्यातून वर आलेले दोन उंच मनोरे दिसले, की खाली ‘तिकिटावरचा’ लिहू नका.