आयत्या वेळी रचणे

हाताशी लिहिलेला मजकूर नसताना बोलणे, गाणे किंवा अभिनय त्या क्षणीच घडवणे, या क्रियेसाठी मराठीत अनेक प्रयोग रूढ आहेत. ‘उत्स्फूर्तपणे रचणे’ हा ग्रांथिक झाला. बोलताना ‘आयत्या वेळी जुळवणे’, ‘पदरचे घालणे’, ‘ठोकून देणे’, ‘वेळ मारून नेणे’ हेच तोंडी येतात. ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मूळ हकिकतीत नसलेली भर घातली की ते पदरचे. माहिती नसता छातीठोकपणे सांगितले की ते ठोकून दिलेले. आणि देवस्थानच्या सभेत अचानक ‘दोन शब्द बोला’ अशी विनंती झाल्यावर जो कसाबसा निभावतो, त्याने वेळ मारून नेली असे म्हणतात. शीघ्रकवी, हजरजबाबी ही विशेषणे कौतुकाची असली, तरी रोजच्या वापरातल्या बहुतेक क्रियापदांना संशयाचा वास आहे.

गोव्यात हा भेद रंगभूमीवर स्पष्ट दिसतो. गावच्या देवळातील उत्सवी मराठी नाटकात संहिता पाठ असावी लागते, आणि पदरची वाक्ये घालणाऱ्या नटामुळे समोरच्याची पुढची ओळ चुकते, म्हणून तालमीत त्याला बोलणी बसतात. तोच प्रेक्षक पेडणे भागातील जत्रेत दशावतारी काला, म्हणजे पुराणकथांवरचे लोकनाट्य, पाहायला बसला, की उलट अपेक्षा धरतो. दशावताराला लिखित संवाद नसतात. कोणते आख्यान लावायचे, प्रवेशांचा क्रम काय आणि कोणी कोणती भूमिका करायची, एवढेच आधी ठरते. बाकीचे संवाद नटाने पुराणकथांच्या आपल्या व्यासंगातून रंगमंचावरच उभे करायचे असतात. पूर्वरंगातील, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातील, संकासुर हा विनोदी राक्षस मालवणी बोलीत गावातल्या ताज्या गोष्टींवर कोट्या करतो, तर उत्तररंगातील, म्हणजे मुख्य आख्यानातील, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत वाद घालतात. स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या, नटाचे नेसणे आटोपले नसेल, तर रंगमंचावरचे दोघे नीतीचा एखादा प्रश्न काढून वाद लांबवतात आणि आतून तयारीची खूण मिळाली की विषय मूळ कथेवर आणतात. हे वेळ मारून नेणेच, पण कथा ठाऊक नसलेल्याला ते साधत नाही. मुरलेला प्रेक्षक पोकळ लांबण लगेच ओळखतो. पेटीवाल्यालाही संवादाचा रोख ऐकून पद कुठे उचलायचे हे ताडावे लागते.

कीर्तन आणि भजनातही आयत्या वेळच्या रचनेला वाव असतो, मात्र तो मर्यादित.

शास्त्रीय संगीतातील ख्यालगायनात यासाठी ‘उपज’ हा शब्द आहे, आणि त्याला संशय चिकटलेला नाही. बंदिश, राग आणि ताल ठरलेले असतात, आलाप आणि ताना बैठकीत सुचत जातात. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोन्ही गायिकांनी अल्लादियाखाँ यांच्याकडे तालीम घेतली होती. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गायकीत उपज लयीच्या काटेकोर हिशेबात बसावी लागते, त्यामुळे ती मोकळी वाटली तरी मोकाट नसते. 1977 साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची, म्हणजे बैठकीत ऐकू येणाऱ्या विस्ताराचा अगदी लहान तुकडा.