नाण्यावर इंद्रधनुष्य दिसलं म्हणजे ते रंगवलेलंच?

चांदीच्या नाण्यावर निळे-जांभळे चटक रंग दिसले की ‘हे केमिकलचं काम, खरं जुनं नाणं काळपटच असतं’ असं संग्राहक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. हे चूक आहे, आणि या समजुतीपायी कित्येक चांगली नाणी घासूनपुसून कायमची वाया गेली आहेत.

हे रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे. हवेतल्या किंवा पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यासारखा प्रकाशाचे रंग दाखवतो. थर जाड होत जातो तसा रंग पुढे सरकतो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. अमेरिकेची मॉर्गन डॉलर ही चांदीची जुनी नाणी कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून राहिली. त्यांतल्या काहींवर असेच झगझगीत पट्टे उमटले आहेत.

म्हणून रंग किती भडक आहे हे पाहू नका, तो कसा पसरलाय ते पाहा. भिंग घ्या आणि नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. सावकाश चढलेल्या थरात एक रंग दुसऱ्यात अलगद मिसळतो. उठावदार अक्षरांच्या कडेला तो बऱ्याचदा थोडा बदललेला दिसतो. घाईने, उष्णतेने किंवा गंधकाच्या द्रावणाने आणलेला रंग पुष्कळदा हा क्रम सोडून एकदम निळ्यावर उडी घेतो, डागाडागांनी बसतो. खाली घासल्याचे बारीक ओरखडे असतील तर संशय आणखी वाढवा.

तरीही रासायनिक थर दोन्हीकडे तोच असतो, त्यामुळे काही नाण्यांबाबत मुरलेल्या तज्ज्ञांचंही एकमत होत नाही.