मोटरहोमच्या टपावरचा एसी बदलणे

मोटरहोम किंवा कॅरव्हॅनच्या टपावर चपट्या पेटीसारखा जो एसी असतो तो उतरवून तिथे दुसरा बसवण्याचं काम. इंजिनावर चालणारा एसी वेगळा, तो ड्रायव्हरच्या केबिनपुरता. टपावरचा म्हणजे विंडो एसीचा सख्खा भाऊ, कंप्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल सगळं एकाच डब्यात आणि गॅस कारखान्यातूनच भरलेला, त्यामुळे स्प्लिटसारखं पाइप जोडा नि व्हॅक्यूम मारा असलं काही नसतं.

गोव्यात हा एसी मरतो तो जास्त करून खाऱ्या वाऱ्यानं. मोरजी-आश्वे बाजूला समुद्राजवळ गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पत्त्या आधी पांढऱ्या पडतात, मग बोट लावलं तरी भुगा. अशा डब्यात परत परत गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

नवा घेण्याआधी टपाचं भोक मोजायचं. अमेरिकन मापाचं साधारण 14 बाय 14 इंच, युरोपातल्या गाड्यांत बऱ्याचदा 40 बाय 40 सेंटिमीटर. अमेरिकन मशीन 115 व्होल्ट, 60 हर्ट्झचं असतं, स्वस्तात मिळालं म्हणून आपल्या 230 वर लावलं तर जळणारच. 13,500 बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या ताकदीचं माप) एसी म्हणजे सव्वा टनाला थोडा कमी, तो चालताना दीड हजार वॉटच्या आसपास खातो, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपियर! बॅटरीवर रात्रभर झोपायचा बेत असेल तर आधी हा हिशोब करा.

काम मे महिन्यात उरकावं, मृगाआधी घराची कौलं परततात तसं. वीज तोडायची, आतली जाळी नि सीलिंगचा डबा काढायचा, वायरींचा फोटो काढून ठेवायचा, मग चार लांब बोल्ट सोडले की वरचं धूड मोकळं होतं. वजन 35-40 किलो सहज, तेव्हा दोन माणसं वर नि एक खाली लागतोच. जुनं गॅस्केट, म्हणजे डबा नि टप यांच्यामधली फोमची पट्टी, खरवडून काढल्यावर भोकाच्या कडेचं प्लायवूड स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघावं, टोक आत रुतलं तर लाकूड कुजलंय, आधी ते बदला. इथे घाई करणाऱ्यांची मला खरंच कीव येते. नवा डबा अलगद सरळ खाली ठेवायचा, टपावरून ओढत आणला तर गॅस्केट फाटतं आणि ते जुलैत कळतं. बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळायचे, गॅस्केटचा इंचभर जाडीचा फोम अर्ध्यावर दबला की थांबायचं. जास्त आवळलं की टप वाकतो, खळगा होतो आणि पावसाचं पाणी तिथेच साचतं. काही फिटर खात्रीसाठी भोवती सिलिकॉन फासतात, ते नको, त्यानं एसीचं स्वतःचं पाणी जायची वाट बुजते.

हे पाणी गोव्याच्या दमट हवेत भरपूर निघतं, ते टपावर पडून बाजूने ओघळतं. पहिल्या दिवशी खिडकीवर ओघळ दिसला की लोक घाबरून फिटरला फोन लावतात, पण बाहेरून ओघळणं बरोबरच आहे. आत थेंब पडला तर मात्र आधी गाडी सपाट जागेवर घ्यायची आणि तरी थांबलं नाही तर बोल्ट बघायचे.