कॉम्प्युटरमध्ये टाईम मायनस कसा येतो?

"सर, टाईम मायनस यायलाय." सेकंड इयरच्या एका पोरानं लॅबमध्ये हे सांगितलं तर बाकीची पोरं हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यानं आकडे चढत्या क्रमानं लावायचा साधा प्रोग्राम लिहिला होता, सुरुवातीला एकदा वेळ वाचायची, शेवटी परत वाचायची आणि वजाबाकी करायची, बस. लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या ड्युअल कोअर मशीनवर (एकाच प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे दोन भाग, म्हणजे दोन कोअर) मधूनच उत्तर उणे यायचं. म्हणजे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच संपला! वजाबाकी तर बरोबर होती. मग?

बहुतेकांचा पक्का समज असतो की कॉम्प्युटरमध्ये एक घड्याळ असतं आणि ते एकदम करेक्ट असतं. यातलं काहीच खरं नाही. घड्याळं चांगली तीन-चार असतात. एक बटन सेलवर चालणारं, मशीन बंद असलं तरी तारीख-वेळ सांभाळणारं, त्याच्यातलं क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतं (२ चा १५ वा घात, पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका उरतो). दुसरा टायमर पहिल्या आयबीएम पीसीपासून, म्हणजे १९८१ पासून चालत आलेला, सेकंदाला साधारण ११ लाख ९३ हजार ठोके देणारा. नंतर आलेला एचपीईटी नावाचा टायमर सेकंदाला किमान १ कोटी ठोके देतो. हे सगळे प्रोसेसरच्या कोअरच्या बाहेर बसलेले, त्यामुळं त्यांना वेळ विचारायची म्हटलं की निरोप बाहेर जाऊन परत येईपर्यंत शेकडो नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) जातात. जी गोष्ट मोजायचीय तीच मुळात पन्नास नॅनोसेकंदांची असेल तर या घड्याळांचा काय उपयोग?

म्हणून इंटेलनं १९९३ च्या पेंटियममध्ये प्रोसेसरच्या पोटातच एक काउंटर बसवला. टाईम स्टॅम्प काउंटर, टीएससी. काम एकच, प्रत्येक ठोक्याला एक वाढवायचा. मशीन ३ गिगाहर्ट्झचं असेल तर सेकंदाला ३ अब्ज, म्हणजे एका ठोक्याला एक तृतीयांश नॅनोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. काउंटर ६४ बिटचा आहे, या वेगानं मोजत राहिला तरी भरायला १९५ वर्षं लागतील. वाचायला एक सूचना पुरते. सगळे खूश झाले, आणि तोपर्यंत होतंही बरोबर, कारण डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर एकच होता आणि तो एकाच वेगानं पळत होता.

२००५ च्या सुमारास ड्युअल कोअर मशीन घरोघरी आल्या आणि गडबड झाली. प्रत्येक कोअरचा काउंटर वेगळा. आणि ऑपरेटिंग सिस्टीम तुमचा प्रोग्राम एकाच कोअरवर ठेवत नाही, या कोअरवर लोड आला की उचलून त्या कोअरवर, तेही तुम्हाला न विचारता. शेतातल्या आखाड्यावर लाईट आली की गड्यानं तिथल्या घड्याळात बघून मोटार चालू केल्याची वेळ लिहायची, आणि बंद केल्याची वेळ मालकानं घरच्या घड्याळात बघून लिहायची, तर मोटार किती वेळ चालली हा हिशोब दोन्ही घड्याळं जुळत असली तरच लागणार. आखाड्यावरचं पुढं असेल तर हिशोब मायनसमध्ये जातो. आमच्या पोराच्या प्रोग्रामचं तेच झालं होतं.

त्यात वीज वाचवायची भानगड. काम नसलं की प्रोसेसर वेग कमी करतो, फारच काम नसलं तर कोअर झोपवून टाकतो. तेव्हाचा काउंटर खरे ठोके मोजायचा, त्यामुळं वेग निम्मा झाला की काउंटरही निम्म्या वेगानं, आणि कोअर झोपला की काउंटरही झोपला. एक कोअर जागा, दुसरा डुलक्या घेतोय, तर दोघांतलं अंतर वाढतच जाणार. त्या काळात काही गेम्स नव्या ड्युअल कोअर मशीनवर वेड्यासारख्या पळायच्या किंवा झटके खायच्या, त्याचं एक मोठं कारण हेच. एएमडीनं त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरच दिलं होतं. पुढं काउंटर कोअरच्या वेगापासून सोडवला गेला, आणि इंटेलच्या २००८ च्या नेहालेम पिढीपासून तर वेग बदलो, कोअर झोपो, काउंटर ठरलेल्या एकाच गतीनं चालत राहतो.

पण गती सारखी म्हणजे आकडा सारखा असं नाही ना! दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन वेगळे प्रोसेसर बसवलेल्या सर्व्हरमध्ये दोन्ही प्रोसेसर एकाच क्षणी शून्यापासून सुरू झाले असतीलच याची खात्री काय, शिवाय मदरबोर्डवरचं फर्मवेअर (मशीन चालू करणारं, बोर्डातच भरलेलं सॉफ्टवेअर) मधेच काउंटरमध्ये आकडा लिहू शकतं. मग तपासायचं कसं? एका कोअरनं दुसऱ्याला विचारावं, "तुझ्याकडं किती वाजले?", तर उत्तर पोचेपर्यंत साधारण पन्नास-साठ नॅनोसेकंद जातात, वेगळ्या सॉकेटवर असेल तर शंभराच्याही पुढं, आणि तेवढ्यात काउंटर शेकड्यांनी पुढं गेलेला असतो. उत्तर पोचतं तेव्हाच शिळं.

इथं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमनं जी युक्ती केलीय ती मला फार आवडते, आणि खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहितोय. मशीन चालू होताना लिनक्स एका कोअरला दुसऱ्यासमोर उभं करतं. मेमरीत एक सामायिक जागा ठेवायची आणि तिला एक लॉक. ज्याच्या हाती लॉक त्यानंच त्या जागेला हात लावायचा. कोअर अ लॉक घेतो, आधी लिहिलेला आकडा वाचतो, मग आपला काउंटर वाचतो, तो आकडा तिथं लिहितो आणि लॉक सोडतो. लगेच कोअर ब तेच करतो, परत अ, परत ब, असं काही मिलिसेकंद चालू ठेवायचं. आता बघा, समजा अ नं लिहिलं ९०,००,४००. त्यानंतर ब नं लॉक घेतला, म्हणजे ब चं वाचन नक्कीच नंतरचं, यात शंका घ्यायला जागाच नाही. आणि ब च्या काउंटरमध्ये दिसलं ९०,००,१५०. नंतरच्याचा आकडा आधीच्यापेक्षा कमी! म्हणजे ब निदान २५० ठोके मागे आहे, पकडला गेला. उलट अ मागे असेल तर अ च्या पाळीला सापडतो.

फरक नेमका किती हे ही चाचणी सांगत नाही. ती एवढंच विचारते, की नंतर घडलेल्याला आधीचा आकडा कधी मिळाला का? आणि तेवढंच पुरतं. कारण चाचणीत न सापडलेला फरक उरला असेलच तर तो एका कोअरकडून दुसऱ्याकडं निरोप जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा लहान असणार, आणि कुठलाही प्रोग्राम झाला तरी त्याला या कोअरवरनं त्या कोअरवर जायला तेवढा वेळ लागणारच की. त्यामुळं तो फरक आत असूनही कुणालाच उणे वेळ दिसत नाही. वेगवेगळ्या घड्याळांच्या जगात आकड्याआधी क्रम सांभाळा, हा विचार संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडला होता, त्याचीच ही एका चिपच्या आतली आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

फरक सापडला तर जमेल तिथं काउंटर जुळवून घ्यायचा, नाही जमलं तर टीएससी बेभरवशाचा म्हणून बाजूला ठेवायचा आणि एचपीईटीवर भागवायचं, हळू का होईना. चालू झाल्यावरही शक्य तिथं दर अर्ध्या सेकंदाला टीएससी दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघितला जातो.

अजून एक गोम आहे, जरा किचकट. आजचा प्रोसेसर सूचना लिहिलेल्या क्रमानं करत नाही, जी तयार असेल ती आधी करतो. त्यामुळं "वेळ वाच" ही सूचना तुमचं काम संपायच्या आधीच उरकली जाऊ शकते आणि काम आहे त्यापेक्षा झटपट झाल्यासारखं दिसतं. म्हणून वाचायच्या आधी आडकाठी घालणारी सूचना द्यावी लागते, "मागचं सगळं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही" अशी.

आणि एवढं करूनही काउंटर ज्या क्रिस्टलवर चालतो ते दहा लाखांत २० नं चुकत असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. बारीक मोजणं वेगळं, खरं मोजणं वेगळं. मोबाईलमधली कुंडलीची ॲपं बघा, जन्मवेळ सेकंदापर्यंत मागतात आणि अंश, कला, विकलांपर्यंत आकडे छापून देतात, आणि ती जन्मवेळ लिहिलेली असते वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून, तेही बाळ-बाळंतीण सांभाळून झाल्यावर. आकडे बारीक छापले म्हणून वेळ खरी होत नाही, आणि वेळ अगदी खरी असती तरी पोराचं लग्न कधी जमणार हे ग्रह ठरवत नाहीत. शिकलेली माणसंसुद्धा या आकड्यांना भुलतात याचं वाईट वाटतं.

प्रोग्राम मोजायचा असेल तर थेट काउंटर वाचायच्या नादी लागू नका, ऑपरेटिंग सिस्टीमचं कधीही मागं न जाणारं घड्याळ वापरा, ती ही सगळी तपासणी करूनच आकडा देते. भिंतीवरच्या वेळेचं घड्याळ मात्र यासाठी नको, ते इंटरनेटवरनं जुळवताना मागं सरकू शकतं.

हेच गणित आपल्या हिंगोली जिल्ह्यात मोठ्या मापानं येणार आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे बारीक तरंग) टिपणाऱ्या प्रयोगशाळेला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. १४ सप्टेंबर २०१५ ला अशी एक लहर लायगोच्या अमेरिकेतल्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोचली. दोन्हींत ३,००० किलोमीटर अंतर, प्रकाशाला लागणारा वेळ १० मिलिसेकंद, म्हणजे फरक त्याहून बराच जास्त आला तर ती एकच लहर नव्हे. या फरकावरनंच लहर आकाशातून कुठल्या बाजूनं आली ते काढतात, आणि त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं जीपीएसशी बांधलेली असतात. पृथ्वीच्या आरपार जायला प्रकाशाच्या वेगानं ४२ मिलिसेकंद लागतात. औंढा अमेरिकेपासून एवढं लांब आहे की तिथून मिळणारा फरक हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टनपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, आणि तेवढी दिशा जास्त नेमकी कळेल.