सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीटमधील सळईची पकड

सलोह काँक्रीटमध्ये दाब काँक्रीटने घ्यायचा आणि ताण सळईने, ही वाटणी दोघांमधल्या पकडीवर चालते. या पकडीला बंध किंवा बाँड म्हणतात. सळई काँक्रीटमधून सरकू लागली की तिच्यापर्यंत ताण पोहोचतच नाही, मग ती कितीही जाड असो. सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजे एससीसी, व्हायब्रेटर न लावता स्वतःच्या वजनाने वाहत जाऊन दाट सळयांमधून पार होते आणि साचा भरते. त्यामुळे यंत्राने न दाबलेले हे काँक्रीट सळईला तितकेच घट्ट धरते का, असा प्रश्न साहजिकच येतो. तितक्याच दाबसामर्थ्याच्या नेहमीच्या काँक्रीटशी तुलना केली तर चाचण्यांमध्ये एससीसीची पकड बहुतेक वेळा बरोबरीची किंवा थोडी जास्त आढळते. मात्र त्यासाठी मिश्रण स्थिर, म्हणजे खडी आणि पाणी वेगळे न होणारे, असावे लागते, आणि ही अट किरकोळ नाही.

हे काँक्रीट जपानमध्ये जन्मले. दाट सळयांच्या बांधकामात व्हायब्रेटर नीट चालवणारे कुशल कामगार मिळेनासे झाले आणि त्याचा परिणाम बांधकामाच्या टिकाऊपणावर दिसू लागला. टोकियो विद्यापीठातील हाजिमे ओकामुरा यांनी 1986 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1988 मध्ये तिथेच पहिले यशस्वी मिश्रण तयार झाले. पुढे आकाशी कैक्यो झुलत्या पुलाच्या केबल बांधणाऱ्या अवाढव्य ठोकळ्यांसाठी ते वापरले गेले.

बंध तीन गोष्टींतून तयार होतो. सिमेंटची पेस्ट पोलादाला चिकटते, पण ही चिकट अगदी सूक्ष्म सरकण्यातच तुटते. त्यानंतर घर्षण उरते. खरा भार उचलतात ते सळईवरचे उंचवटे, म्हणजे रिब. गुळगुळीत सळईला हा तिसरा आधारच नसतो, म्हणून तिची टोके वाकवून हूक करावे लागतात. रिब समोरच्या काँक्रीटवर तिरपा रेटा देतात. या रेट्याचा एक भाग सळईच्या दिशेने जातो, तर दुसरा भाग सळईभोवतीचे काँक्रीट बाहेर ढकलून फाडू पाहतो. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, कमी असेल आणि सळयांभोवती गुंडाळलेल्या रिंगा विरळ असतील तर सळईच्या रेषेत तडा जातो आणि बंध अचानक संपतो. कव्हर भरपूर असेल तर रिबमधले काँक्रीट चिरडून सळई हळूहळू बाहेर येते. पहिला प्रकार काँक्रीटच्या ताणसामर्थ्यावर अवलंबून असतो. प्रत्यक्ष बांधकामात भीती त्याचीच जास्त, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सळई किती लांब रुतवायची याचा हिशेब साधा आहे. 16 मिमी व्यासाची सळई 435 न्यूटन प्रति चौ.मिमी प्रतिबलापर्यंत ताणायची असेल आणि काँक्रीटची सरासरी पकड 2.4 न्यूटन प्रति चौ.मिमी धरली, तर लागणारी लांबी 16 × 435 ÷ (4 × 2.4), म्हणजे 725 मिमी येते. पकड पंचवीस टक्क्यांनी घटली तर हीच लांबी सुमारे 967 मिमी होते.

ही पकड घटते कुठे, ते पाहायचे तर सळईच्या खालच्या बाजूला बघावे लागते. काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसू लागते आणि पाणी वर चढते. आडवी सळई जागेवर बांधलेली असल्याने ती खाली येत नाही. तिच्या पोटाखाली वर येणारे पाणी अडते, ब्लीडिंग झालेल्या पाण्याचा पातळ थर साचतो आणि पाणी निघून गेले की तिथे पोकळी किंवा सच्छिद्र, दुबळी पेस्ट राहते. वरून पाहिले तर सळई पूर्ण झाकलेली दिसते, पण तिचा खालचा भाग जवळजवळ अधांतरी असतो. खाली ताज्या काँक्रीटचा थर जितका जाड, तितके हे अधिक. म्हणून अमेरिकन संहिता, एसीआय 318, आडव्या सळईखाली 300 मिमीपेक्षा जास्त ताजे काँक्रीट असेल तर रुतवण्याची लांबी 1.3 पट करायला सांगते. अशा प्रतिकूल जागी युरोपीय संहिता, युरोकोड 2, बंधाचे मूल्य 0.7 पट धरतो. उभ्या सळईतही बैठकीचा परिणाम दिसतो. रिबच्या वर काँक्रीट बसून घट्ट होते आणि खाली फट राहते, म्हणून बैठकीच्या विरुद्ध, म्हणजे वरच्या दिशेने, ओढलेली सळई जास्त चांगली टिकते.

एससीसीचा फायदा नेमका इथे आहे. त्यात बारीक भुकटी भरपूर असते, घनमीटरला साधारण 380 ते 600 किलो, तर खडी आकारमानाच्या 27 ते 36 टक्के. पाणी न वाढवता पॉलिकार्बोक्झिलेट रसायनाने प्रवाहीपणा आणला जातो. गरज पडल्यास चिकटपणा वाढवणारे रसायनही घालतात. पाणी बारीक कणांत अडकून राहिल्याने ब्लीडिंग कमी होते आणि सळईचे पोट पेस्टने भरते. शिवाय व्हायब्रेटर कुठे कमी, कुठे जास्त फिरला याचा फरक उरत नाही. 2005 च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही खोल सदस्यांतील वरच्या सळयांसाठी हाच फायदा नोंदवला आहे. तरीही वरच्या सळईसाठी लांबी वाढवणारा हा गुणक गाळावा असे मला वाटत नाही. काही चाचण्यांत हा परिणाम एससीसीमध्येही टिकून राहिलेला दिसतो.

कारण दुसरी बाजूही आहे. खडी कमी म्हणजे तड्याच्या दोन्ही काठांना अडकवून ठेवणारे दगड कमी. एससीसीचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) आणि तडा वाढायला लागणारी ऊर्जा किंचित कमी निघते, याचा संबंध सळईच्या रेषेत फाटण्याशी येतो. म्हणून बंधाचे आकडे वाचताना चाचणी कोणती, ते आधी बघावे. रिलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुल-आउट, म्हणजे सळई ओढून काढण्याच्या, चाचणीत सळई व्यासाच्या फक्त पाचपट लांबीत काँक्रीटला चिकटवतात. भोवती काँक्रीट भरपूर असते आणि ओढताना आधाराच्या पट्टीमुळे ते दाबलेही जाते. अशा नमुन्यात फाटणे फारसे होत नाही आणि आकडे उजळ दिसतात. दोन मिश्रणांची तुलना करायला चाचणी चांगली आहे, पण तुळईतल्या लॅपच्या, म्हणजे दोन सळया एकमेकींवर ठेवून केलेल्या जोडाच्या, भरवशासाठी तुळईच तपासावी. तुलनेआधी आकड्यांना दाबसामर्थ्याच्या वर्गमुळाने भागणेही आवश्यक, नाहीतर जास्त मजबूत काँक्रीटचे श्रेय एससीसीला जाते.

मिश्रण अतिप्रवाही झाले तर सगळे उलटते. स्लम्प फ्लो चाचणीत, म्हणजे शंकूतून सोडलेले काँक्रीट सपाट पाटावर पसरल्यावर, कडेला पाण्याची किंवा मळीची झालर आणि मध्ये खडीचा ढीग दिसला, तर ते काँक्रीट सळईभोवती ओतू नये. खडी तळाशी जाते, वर फेसाळ दुबळी पेस्ट राहते आणि वरच्या सळईची अवस्था नेहमीच्या काँक्रीटपेक्षाही वाईट होते. जे-रिंगची चाचणी, ज्यात काँक्रीट उभ्या सळयांच्या कड्यातून पसरू देतात, दुसरा धोका दाखवते. साध्या स्लम्प फ्लोपेक्षा रिंगमधला प्रसार 50 मिमीहून जास्त कमी भरला, तर सळयांमध्ये खडी ठळकपणे अडते आहे. अशा वेळी सळयांच्या मागे पोकळी राहण्याची शक्यता असते आणि ती शटरिंग काढल्यावरही बाहेरून दिसेलच असे नाही.

सळईच्या पृष्ठभागाचे नियम मात्र बदलत नाहीत. हलका, घट्ट बसलेला गंज चालतो, सुटणारी पापुद्री घासून काढावी लागते. शटरिंगचे तेल सळईला लागले तर चिकट आणि घर्षण दोन्ही घटतात, आणि एससीसी कितीही वाहते असले तरी ते तेल धुऊन काढत नाही. इपॉक्सीचा लेप असलेल्या सळईला कव्हर किंवा अंतर कमी असताना एसीआय 318 लांबी दीडपट करायला सांगते.

पूर्वताणित, म्हणजे आधीच ताणलेल्या तारांभोवती ओतलेल्या, काँक्रीटच्या तारांच्या दोरीत, म्हणजे स्ट्रँडमध्ये, रिब नसतात. ताण सोडल्यावर ती टोकाशी किंचित फुगून पाचरीसारखी अडकते, यालाच होयर परिणाम म्हणतात. इथे काँक्रीट कोवळे असतानाच बंधाची परीक्षा होते आणि एससीसीचे निकाल मिश्रणानुसार बदलतात. म्हणून नवे मिश्रण घेताना ताण सोडल्यावर टोकाशी स्ट्रँड किती आत सरकली ते मोजून ताणाच्या हस्तांतराची लांबी पडताळून घेतात.